बंदच्या रविवारी

महिन्याचा पहिला रविवार, आणि बेकरी बंद.
बेकरीच काय, सगळी निपाणी बंद:
कोल्हापूरची एसटी नाक्यावर अडलेली,
स्टँडवर दोन पोलीस, एक कुत्रं,
आणि रात्रीत कुणी कुणाच्या पाटीला फासलेलं डांबर
अजून ओलं.

पाव कापायचं काम माझं. बारा वर्षं करतोय.
आधी कडा काढायच्या, मग उभे काप, मग आडवे,
सगळे तुकडे लुडोच्या फाशाएवढे.
मी वखारीत काट्यावर बसतो, तंबाखू तोलतो;
सारखेपणा हातात मुरलाय.
फक्त गेले आठ महिने
तबक भरून देतो
आणि मागच्या बाकावर जाऊन बसतो.
देवळाच्या पाटीवर कुठली भाषा वर, कुठली खाली,
यावरून सभेत सत्यप्पा आणि मी
जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.
त्यानं कन्नडमधून दिल्या, मी मराठीतून.
समजल्या दोघांनाही सगळ्या.

होसमनी पाळकांनी रिकामं तबक पाहिलं.
"ग्लुकोजची बिस्किटं चालतील?" कुणीतरी विचारलं.
कुणी म्हणालं, पुढच्या रविवारी करू,
प्रभू कुठं पळून चाललाय.
तेवढ्यात चंद्राक्का उठली.
सत्तरी उलटली तरी रोज सातशे बिड्या वळते.
फडकं सोडलं. आत दोन भाकरी,
दुपारसाठी बांधून आणलेल्या.
"तगो," म्हणाली.
एवढंच.

मराठी शास्त्रात लिहिलंय: भाकर.
कन्नड शास्त्रात: रोट्टी.
बारा वर्षं मी भाकर ऐकत होतो
आणि पाव कापत होतो.

भाकरीला सुरी चालेना.
मोडावीच लागते ती, आणि मोडते तिच्या मनासारखी:
कुठं नुसता पापुद्रा, कुठं जाड काठ,
एका तुकड्यावर तव्याचा काळा डाग,
एकावर चंद्राक्काच्या बोटांचे ठसे.
तंबाखूचा वास होताच. पुढच्या रांगेत कुणी शिंकलं.

पेला मात्र नेहमीचाच, पितळी, एकच.
आजा सांगायचा त्याची गोष्ट.
विहिरीवर ओंजळ धरून उभं राहायचं,
वरून कुणी ओतलं तर प्यायचं,
कोपरावरून निम्मं मातीत.
मग या देवळात पहिल्यांदा
पेला त्याच्या हातात दिला, आणि त्यानं उष्टा केलेला पेला
पुढच्या माणसानं
न पुसता ओठाला लावला.
"उपदेश काय होता ते ध्येनात न्हाई," आजा म्हणायचा,
"ते ओठ ध्येनात हाईत."

एक्केचाळीस माणसं, दोन भाकरी.
चमत्कार वगैरे काही झाला नाही.
तबक हलकं होत गेलं,
आणि गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांना जागेवरच द्यायचं म्हणून
ते घेऊन सत्यप्पा मागं मागं येत राहिला.
माझ्या बाकापाशी आला तेव्हा
तबकात एकच तुकडा. काठाचा.
त्यानं स्वतः अजून घेतला नव्हता.

मी पायाकडं बघत होतो.
त्याच्या चपलेचा अंगठा तारेनं शिवलेला.
मोडल्याचा आवाज आला,
वाळल्या भाकरीचा येतो तसा, बारीक.
माझी नजर काटा आहे, चुकत नाही:
थोरला माझ्या हातावर होता.

पाव जिभेवर विरघळतो,
गिळला की झालं, माणूस मोकळा.
भाकर चावावी लागते.
दोघं शेजारी शेजारी चावत बसलो,
खूप वेळ,
आणि तोंडात घास असता
कुणालाच बोलता येत नाही,
ना मराठी, ना कन्नड.

पाटी आहे तशीच आहे, अर्धी डांबरात.
बंद सहाला उठला, बेकरी उघडली.
चंद्राक्का दुपारी कुणाकडं जेवली
ते मी विचारलं नाही.
दाताच्या फटीत जोंधळ्याची एक कणी
रात्रीपर्यंत होती.
मी ती जिभेनं चाचपत राहिलो.
काढली नाही.